हैबती उतेकरांचे बुधवार

महाडच्या रसायनांच्या कारखान्यातली नोकरी संपवून हैबती उतेकर कुडपणला परत आला, त्याला आता दुसरा पावसाळा. पठारावर धुकं उतरलं की घरासमोरची गुरं बसायची गोठणसुद्धा दिसत नाही. अशा वेळी पडवीत बसून माणूस काय करणार? जुनं आठवत राहतो. गावात कुणी विचारलं, "हैबतीदादा, एवढी वर्सं कंपनीत काढलीस, काय ध्यानात ऱ्हायलं रे?" तर तो प्लांटमधल्या मोठाल्या भांड्यांचं सांगतो, वासाचं सांगतो, पोलादपूरहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसचं सांगतो. कॅन्टीनच्या मागच्या छोट्या खोलीचं मात्र तो कुणाला सांगत नाही. आणि सगळ्यात जास्त आठवण येते ती त्या खोलीचीच.

ती खोली आधी प्रथमोपचाराची होती. कोपऱ्यात एक जुना वजनकाटा तसाच राहिला होता, त्यावर कुणी उभं राहिलं नाही तरी काटा पाच किलोवर असायचा. दोन खुर्च्या, एक पंखा, खिडकीबाहेर जांभळाचं झाड. दर बुधवारी तिथे अनुपमा मॅडम यायच्या.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा कंपनीत मोठी मजा झाली होती. नोटीस बोर्डावर लागलं, 'कामगारांसाठी काउन्सेलर येणार.' प्लांटवरच्या निम्म्या माणसांना वाटलं, नगरपालिकेतली कौन्सिलर बाई येणार आहे. "कुठल्या वॉर्डातून उभ्या हायत?" असं एकाने खरंच विचारलं. दुसऱ्याने गल्लीतल्या गटाराची तक्रार तयार ठेवली होती. मग एचआरच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की, मनावर ताण असेल, झोप लागत नसेल, घरी काही असेल, तर या मॅडमशी बोलायचं.  मनावर ताण आहे असं म्हणून कोण पुढे होणार? त्या खोलीला लगेच नाव पडलं, 'येड्यांची खोली'. मॅडम महाडच्याच होत्या, शिक्षण पुण्यात झालेलं, पण हे नाव पडलेलं त्यांना फार उशिरा कळलं. कळल्यावर त्या खूप हसल्या होत्या.

हैबती त्या खोलीत आपल्या पायांनी गेला नाही, त्याला पाठवलं.

झालं असं होतं, की महापूर येऊन गेला त्यानंतर हैबतीला एक खोड लागली. पाळी संपली की व्हॉल्व्ह बंद आहे ना, हे बघून तो निघायचा. गेटपर्यंत यायचा आणि त्याला वाटायचं, बघितला खरा, पण नीट बघितला का? परत फिरायचा. व्हॉल्व्ह बंदच असायचा. पुन्हा गेट, पुन्हा तेच. बाहेर बस सुरू करून ड्रायव्हर खोळंबलेला. आतून लोक ओरडायचे, "व्हॉल्व्हला थोपटून निजवलास काय रं दादा?" हैबती हसून आत चढायचा. पण हसता हसता त्याच्या मानेवरून घाम उतरलेला असायचा, तो फक्त शेजारी बसणाऱ्या सुहासला दिसायचा. सुहास त्याच्याच पाळीतला, पोलादपूरचा.

मग एका संध्याकाळी बस हायवेला लागली आणि हैबती उठून ड्रायव्हरपाशी गेला. "थांबव."

"का रे दादा?"

"थांबव म्हनतो ना!"

तो हायवेवर उतरला आणि उलट्या दिशेने चालू लागला. वाटेत एका टेम्पोवाल्याने त्याला घेतलं. गेटवर पोहोचला तेव्हा वॉचमनला म्हणाला, डबा विसरला. डबा तर त्याच्या काखेत होता. वॉचमनने दुसऱ्या दिवशी साहेबांच्या कानावर घातलं, आणि साहेबांनी हैबतीला बोलावून सांगितलं, "बुधवारी मॅडमना भेटा."

पहिल्या बुधवारी तो खुर्चीच्या टोकावर बसला. टोपी मांडीवर, नजर वजनकाट्यावर.

"मी येडा नाय," तो म्हणाला.

"मलाही तसं वाटत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला काय म्हणू? उतेकर?"

"समदे दादा म्हनतात."

"मग मीही दादाच म्हणते. दादा, आधी मी काय करणार आणि काय नाही, ते सांगते. इथे बोललेलं इथंच राहील. साहेबांना मी एवढंच कळवते, की माणूस आला होता की नव्हता. एक गोष्ट सोडून. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला बोलावं लागेल. तेसुद्धा तुम्हाला आधी सांगून."

हैबतीने मान हलवली. मनात म्हणाला, कंपनी पगार देते, तर ही कंपनीचीच.

"आणि बाहेर कुठे आपली गाठ पडली," त्या पुढे म्हणाल्या, "तर मी आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर दाखवीन."

हे त्याला नीट कळलं नाही. कशाला दाखवणार नाही? पण विचारलं नाही. त्या दिवशी तो घरच्या माणसांची नावं सांगून परत आला, शिधापत्रिकेवर असतात तशी. बायको रखमा, आपल्यासंगट पोलादपूरला. मुलगा रितेश मुंबईला. कुडपणला घर आहे, सुट्टीत जातो. संपलं. पुढच्या काही बुधवारीही तो असाच वरवरचं बोलून उठायचा. मॅडम घाई करायच्या नाहीत. त्या गप्प बसल्या तर त्यांचं गप्प बसणंही साधं वाटायचं, काहीतरी काढून घ्यायला टपलेलं नाही. एवढं मात्र हैबतीच्या लक्षात आलं होतं.

महाशिवरात्र झाली, महाडला वीरेश्वराच्या छबिन्याची जत्रा भरली. रखमाला घेऊन हैबती जत्रेला गेला. दुपारची वेळ, दुकानं भरलेली, पाळणे फिरत होते. रखमा बांगड्या बघत असताना समोरून मॅडम आल्या. सोबत म्हातारी सासू आणि लहान मुलगी. हैबतीची आणि त्यांची नजरानजर झाली. हैबतीच्या तोंडावर हसू आलं, हात अर्धा वर गेला. आणि मग कोण जाणे का, त्याने तो हात तसाच खाली घेतला. मॅडम मुलीचं बोट धरून शेजारच्या खेळण्यांच्या दुकानाकडे वळल्या. अगदी अनोळखी माणसासारख्या.

"कोन वो ती? तुमच्याकडं बगत व्हती," रखमा म्हणाली.

"कोन नाय. तू बांगड्या बग."

पण त्याला ते फार लागलं. कुडपणला दोन माणसं वाटेत समोरासमोर आली आणि बोलली नाहीत, तर गाव समजतो, बांधावरून भांडण झालं असणार. इतके बुधवार समोर बसून बोललो आणि जत्रेत तोंड फिरवते? पुढच्या बुधवारी तो गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या बुधवारी गेला तो भांडायलाच.

"मॅडम, आमच्यात मानूस तोंड फिरवतो ते वैर असलं तर. माजं काय चुकलं ते सांगा, मी परत येनार नाय."

मॅडमनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, "जत्रेत तुमच्याजवळ कोण होत्या?"

"घरकारीन."

"तुम्ही इथे येता, ते त्यांना ठाऊक आहे?"

हैबती थबकला. "नाय."

"मी हाक मारली असती, तर त्यांनी विचारलं असतं, ही कोण. तुम्ही काय सांगितलं असतं?"

 रखमाने विचारलंच होतं की. आणि त्याने 'कोन नाय' म्हणून सांगितलंही होतं.

"म्हंजे तुमी माज्यासाटी…"

"हो. पण दादा, तुम्हाला लागलं ना? त्यात माझी चूक आहे. मी नियम सांगितला आणि पुढे गेले. तुमच्याकडे न बोलण्याचा अर्थ काय होतो, हे मी विचारायला हवं होतं."

 हैबतीने प्लांटवर इतकी वर्षं काढली, पण खुर्चीवर बसणारं माणूस 'माझी चूक आहे' म्हणाल्याचं त्याला आठवेना. त्याने टोपी मांडीवरून उचलून खिडकीत ठेवली. आणि कुणी न विचारता तो पुराच्या दिवसाबद्दल बोलू लागला.

त्या दिवशी सकाळी कारखान्यामागचा ओढा फुगला आणि बघता बघता पाणी कुंपण ओलांडून आत आलं. पाळीवर हैबती, सुहास आणि आणखी काही जण. प्लांट बंद करायचा हुकूम झाला. वीज गेली होती, सगळं हातानेच. हैबती शेवटच्या व्हॉल्व्हपाशी पोहोचला तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं, तांबडं, गढूळ. व्हॉल्व्ह पाण्याखाली.

"दिसत नव्हतं, मॅडम. निस्तं हातानं चाचपून फिरवला. लागला असं वाटलं. तवर मागनं सुहास वरडाय लागला, चल वर, चल वर. आमी गच्चीवर गेलो. दिसभर गच्चीवर. सुहास मला इचारी, 'दादा, बंद केलास ना?' मी म्हनलो, केला. मंग दुसऱ्यानं इचारलं. केला म्हनलो. समद्यास्नी सांगत व्हतो, केला, केला. आनि माजं मलाच ठावं नव्हतं. खाली गावं हायत, मॅडम. पानी तिकडंच जातं."

"आणि व्हॉल्व्ह?"

"बंद व्हता. पानी उतरल्यावर बगितला, घट्ट बंद. साहेबांनी शाल-नारळ दिला. काय झालंच नाय! काय झालं नाय त्याची भीती कशी लागंल मानसाला? म्हनून कुनाला बोललो नाय."

मॅडम म्हणाल्या, "गच्चीवर तुम्हाला कुणी विचारलं का, की हैबतीदादा, तू घाबरलास का?"

हैबतीने नाही म्हणून मान हलवली आणि जांभळाकडे बघत बसला. डोळे पुसले नाहीत, पण भरले होते. त्या बुधवारी त्यांची वेळ संपल्यावरही मॅडमनी दार उघडायची घाई केली नाही.

तिथून पुढे मात्र कामाला लागल्यासारखं झालं. मॅडमचं म्हणणं साधं होतं. व्हॉल्व्ह एकदाच बघायचा. पण सावकाश, डोळ्याने आणि हाताने, आणि मोठ्याने म्हणायचं, 'बंद हाय.' मग गेटकडे निघायचं. परत फिरावंसं वाटेल, जीव खालीवर होईल, ते होऊ द्यायचं. फिरायचं नाही.

"आनि ऱ्हायला असंल तर?"

"तुमच्यानंतर पाळीवर कोण असतं?"

"दुसऱ्या पाळीचा मानूस."

"तो बघत नाही?"

"बगतो तर. त्याचं कामच हाय ते."

"मग?"

ही गोष्ट हैबतीच्या ध्यानातच आली नव्हती. पुरापासून जणू सगळा कारखाना त्याच्या एकट्याच्या हाताला लटकत होता.

सांगायला सोपं, करायला महाकठीण. पहिल्या दिवशी बसमध्ये बसला तो दांडी घट्ट धरून. सगळा रस्ता त्याचे पाय खाली जोर देत होते, जणू ब्रेक त्याच्याच पायाखाली आहे. त्याने ठरवून सुहासला सगळं सांगितलं होतं. सुहास काही शहाणपणाचं बोलला नाही. त्याने आपल्या म्हशीची गोष्ट काढली, ती कशी अडली, ढोरांचा डॉक्टर कसा उशिरा आला, रेडकू कसं झालं. पोलादपूर येईपर्यंत ती म्हैस पुरली. दुसऱ्या दिवशी त्याने तीच म्हैस पुन्हा सांगितली. त्या महिनाभरात त्या म्हशीचा पिढ्यानपिढ्यांचा इतिहास हैबतीला पाठ झाला. कधी कधी तो हरायचाही, परत फिरायचा. बुधवारी खाली मान घालून सांगायचा. मॅडम म्हणायच्या, "किती वेळा नाही फिरलात, ते सांगा." मग तो बोटं मोजायचा आणि त्याची मान वर यायची.

याच सुमारास कंपनीत यंत्रं बदलायचं ठरलं आणि प्लांटवर कुणाला ठेवायचं, कुणाला गोदामात पाठवायचं, याची कुजबुज सुरू झाली. एका बुधवारी मॅडमनी आल्या आल्या सांगितलं, "दादा, साहेबांनी मला तुमच्याबद्दल विचारलं. उतेकर प्लांटवर ठेवण्यासारखा आहे का, म्हणून."

हैबती खुर्चीच्या टोकावर सरकला. "तुमी काय म्हनलात?"

"म्हटलं, हे मला विचारायचं नाही. त्यांना स्वतःला विचारा, नाहीतर कंपनीच्या डॉक्टरांना."

"'चांगला हाय' एवडं म्हनला असतात, तर काय गेलं असतं तुमचं?" हैबती चिडला.

"आज तुमच्याबद्दल चांगलं सांगितलं असतं, तर उद्या दुसऱ्याबद्दल मला वाईटही सांगावं लागलं असतं. मग या खोलीत कोण आलं असतं?"

तो फुरंगटून बसला. बरोबर आहे हे कळत होतं, म्हणून जास्तच राग येत होता. शेवटी म्हणाला, "मंग मीच जातो साहेबांकडं."

"काय सांगाल?"

त्याला सांगता येईना. तेव्हा मॅडमनी खुर्ची फिरवली, चष्मा नाकावर ओढला आणि साहेबांसारख्या घसा खाकरून म्हणाल्या, "हं, बोला उतेकर, पटकन बोला, मला मीटिंग आहे." नक्कल इतकी हुबेहूब, की हैबती पोट धरून हसला. मग दोघांनी ते पुन्हा पुन्हा केलं. तिसऱ्या-चौथ्यांदा त्याचं बोलणं सरळ यायला लागलं.

साहेबांसमोर उभा राहून तो सरळ बोलला. पुरानंतर मला भीती बसली व्हती, साहेब. आता कमी हाय. काम चुकलं नाय, ते तुमच्या नोंदीत बी दिसंल. डॉक्टरला दाकवा पायजे तर. साहेबांनी खरोखरच डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी तपासलं, चार प्रश्न विचारले, आणि हैबती प्लांटवरच राहिला.

पुढच्या आर्थिक वर्षापासून कंपनीने बुधवारची ती सोय बंद केली. तिच्याऐवजी फोनवरची सोय आली, कुठल्याशा मोठ्या शहरातली. शेवटचा बुधवार त्या जत्रेनंतर वर्षभराने, मार्चअखेरचा. हैबतीने रखमाकडून दोन भाकऱ्या जास्त मागून घेतल्या, सुहासला पाहिजेत म्हणून. नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. मॅडम अवघडल्या. "दादा, आम्ही काही घ्यायचं नसतं."

"मंग देत नाय. जेवायची वेळ झाली, आपन जेवू."

आणि त्या खोलीत वजनकाट्यावर वर्तमानपत्र अंथरून दोघं जेवली. चटणी तिखट लागून मॅडमच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

"तुम्हाला आता माझी तशी गरज उरलेली नाही," त्या पाणी पीत म्हणाल्या.

"ते ठावं हाय मला. म्हनून काय मानसानं येऊच नये?"

 निघताना हैबतीने वाकून नमस्कार केला, त्या वयाने आपल्यापेक्षा मोठ्या असत्या तर करावा तसा. त्या संकोचून मागे झाल्या आणि मग त्यांनीही हात जोडले.

फोनवाल्या सोयीला त्याने एकदा फोन लावून बघितला. पलीकडे एक मुलगी होती, आवाज गोड, बोलणं अदबीचं. तिने आधी कामगार क्रमांक विचारला. हैबतीने सांगितला. "काय त्रास होतोय, सर?" "काय नाय बाय, सहज," म्हणून त्याने फोन ठेवला. तिचं काही चुकलं नव्हतं. पण खिडकीबाहेर जांभूळ नव्हतं, आणि गप्प बसलं तर फोन कट झाला असं तिला वाटलं असतं. त्या खोलीत नंतर झाडूवाल्यांचं सामान ठेवलं. हैबती निवृत्त होईपर्यंत बुधवारी जेवून उठला की त्या बाजूने एक चक्कर मारायचा, उगीच.

आणि आता कुडपण. परवा उघडीप मिळाली तशी नाचणीची लावणी काढली. रखमा वाकून लावत होती, हैबती मागून रोपांच्या मुठी पुरवत होता. खाली दरीत ढग भरलेले. काय मनात आलं कोण जाणे, त्याने सगळं सांगून टाकलं. खोड, खोली, मॅडम, जत्रा, सगळं. रखमा लावतच होती, हात थांबला नाही.

"म्हंजे जत्रंतली बाय ती?" ती शेवटी म्हणाली.

"तीच."

"आनि मी म्हनायचे, ह्यो बुधवारी दाढी करून कामाला का जातो!"

हैबती मोठ्याने हसला. रखमासुद्धा हसली, पण मग कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. "माज्याशी का नाय बोललात?"

"तू घाबरली असतीस."

"आनि ती नाय घाबरली?"

हैबतीने विचार केला. "तिचं घर नव्हतं गो त्यात. आपलं व्हतं."

रखमाने ते ऐकून घेतलं. नवऱ्याच्या हातातली मूठ घेतली, पुन्हा वाकली. दोन-चार रोपं लावून झाल्यावर तिने विचारलं, "त्या पुराच्या दिशी, दिसभर गच्चीवर, तुमी खाल्लं काय व्हतं?"

हे तर मॅडमनीसुद्धा कधी विचारलं नव्हतं. हैबती बांधावर बसला.

"सुहासच्या पिशवीत बिस्किटाचा पुडा व्हता," तो म्हणाला. "भिजून पार लगदा झालेला. आमी बोटानं चाटून खाल्ला. आनि आईक, मंग काय झालं…"

रखमा लावणी करत राहिली, आणि तो सांगत राहिला.